पुरात काढलेले डाग

डोमाभाऊ, कानावरचं ते काढून ठेवायचं होतंस रे. मी काठावरून गळा फाटेस्तोवर ओरडत होते. तू नदीच्या वाळूत पाठमोरा, कमरेत वाकलेला, हातात तो लांब दांडा आणि दोन्ही कानांवर ती काळी झाकणं. तुझ्या मागून चौघं चालत आले. मला दिसले, पलीकडे कपडे आपटणाऱ्या बायांना दिसले. तुला ऐकू येत होती ती फक्त त्या यंत्राची घूंघूं. पहिली काठी डोक्यात बसेपर्यंत तुला पत्ताच नव्हता. जर्मनांच्या सुरुंगांवरून चालून जिवंत परत आलेला माणूस तू, आणि आपल्या घरच्या नदीत पाठीमागून मारला गेलास. मला याचा इतका राग आहे की अजून धड रडूही आलेलं नाही.

माणसं भेटायला येतात. म्हणतात, बाई, रडून घे, मोकळी हो. मी शाळेत शिकवते, म्हणून माझ्या तोंडून दोन शहाणे शब्द निघतील असंही काहींना वाटतं. माझ्याकडे शहाणे शब्द नाहीत. माझ्याकडे तुझ्याशी अर्धवट राहिलेलं भांडण आहे आणि ते आता मला एकटीलाच पुरं करायचं आहे. तू जिवंत असताना माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस. आता ऐक.

आधी बाबांचं सांगते. तुला ते पाठ आहे, पण मला एकदा सुरुवातीपासून, न थांबता सांगायचं आहे. तुझ्यासमोर सांगायला बसलं की मालगुजाराचं नाव येताच तू उठून उभा राहायचास, आणि मग घरातलं एखादं भांडं तरी चेपायचं.

आपले बाबा वर्धा नदीच्या घाटावर नाव चालवायचे. आपण ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. पुरात नाव लावायची झाली तर घाटाची एक रीत होती. नावेत बसण्याआधी बायांच्या अंगावरचे डाग उतरवायला लावायचे. पायातले चांदीचे तोडे, कमरेचा पट्टा, दंडातल्या वाकी, सगळं. नाव उलटली तर तोड्यांचं वजन बाईला सरळ तळाला नेतं, म्हणून. दुसरी रीत अशी, की नाव भोवऱ्यात बसायला लागली की नावाड्यानं ओरडायचं, जड टाका. मग पोतं असो, पाण्याचा पितळी गुंड असो, ज्याच्या हाती जे जड असेल ते त्यानं पाण्यात फेकायचं, म्हणजे नाव हलकी होऊन वर उचलते. घाटावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

त्या भाद्रपदात नदी दुथडी भरून चालली होती. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बसायच्या होत्या आणि गावाची जमीन ज्याच्या ताब्यात त्या मालगुजाराला नवी सून पलीकडच्या वऱ्हाडातून आणायची होती. सून कसली, पोरच होती ती, कौसल्या. बाबा म्हणाले, आज नको मालक, पाणी उद्या उतरेल. मालगुजारानं सगळ्यांसमोर त्यांच्या कानफटात मारली. बाबांनी नाव सोडली. रीतीप्रमाणे बायांचे डाग उतरवायला लावले, ते एका लोखंडी पेटीत कुलूपबंद झाले आणि पेटी मालगुजारानं मांडीवर घेतली. नदीच्या मधल्या म्हशीच्या खडकाच्या वरच्या अंगाला नाव भोवऱ्यात आली. बाबा ओरडले, जड टाका. लोकांनी हाताला लागलं ते टाकलं. नाव भोवऱ्यातून सुटली, पण खाली वाहत येऊन खडकाला आदळली आणि खडकाखालच्या डोहात पालथी झाली. सोबत आलेली मालगुजारीण बुडाली. बाबांनी कौसल्येला वेणीला धरून काढलं, मग पुन्हा पाण्यात जाऊन मालगुजाराला काढलं. पेटी काही सापडली नाही.

काठावर येऊन ओकारी थांबल्यावर मालगुजारानं एकच प्रश्न विचारला. या ढिवरानं डाग उतरवायला लावले कशाला? तेवढा पुरला. जीव वाचवायची रीत होती, ती तिथल्या तिथे चोरीचा पुरावा झाली. आपल्याकडे दागिन्यालाही डाग म्हणतात आणि कपड्यावर पडतो त्यालाही डागच. बाबांनी बायांच्या अंगावरचे उतरवले आणि तो दुसरा आपल्या अंगावर घेतला.

पुढचं तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंस. बाबांना घाटावरच्या बाभळीला बांधलं. पेटी कुठे लपवली ते सांग म्हणत त्यांच्याच वल्ह्यानं त्यांची दोन्ही मनगटं मोडली. आईनं मला पदरात कोंबलं होतं, पण कान कोंबता येत नाहीत. तुला दोघांनी वाळूत दाबून धरलं होतं आणि तू त्यातल्या एकाच्या बोटाचा लचका तोडलास. बाबा विव्हळत एवढंच म्हणत होते, पेटी वरच टाकली कोणीतरी, खडकाच्या वर. मी समोर पाहून राह्यलो होतो, मले दिसलं नाई, पण धप्पकन आवाज आयकला. गाव हसलं. सोन्याची पेटी आपल्या हातानं पाण्यात कोण टाकेल?

त्यानंतर बाबांना पाण्याचा पेलाही दोन्ही मनगटांत धरून प्यावा लागे. घाट दुसऱ्याला दिला गेला. लोक येता-जाता आपल्या दाराकडे पाहून थुंकायचे. मला दिली ती लांबच्या गावी, जिथे चोट्टा ढिवर हा शब्द पोचला नव्हता. पोचला तेव्हा सासऱ्यानं मला बैलगाडीत घालून परत आणून टाकलं. तू तेव्हा पलटणीत होतास. तुझ्या पगारावर मी वर्ध्याला शिकले, मास्तरीण झाले, आणि सुट्टीवर आलास तेव्हा मला चोराची पोर म्हणणाऱ्या हेडमास्तरला तू शाळेच्या फाटकात असा बडवलास की त्याच्या टोपीचा पत्ता लागला नाही. मी तुला रागावले, नोकरी जाईल म्हणून. मनातून मला इतकं बरं वाटलं होतं की त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून ठेवते.

बाबा गेले तेव्हा तू इटलीत होतास. परत आलास तो ते यंत्र घेऊनच आलास असं गाव म्हणतं. तसं नव्हतं. लढाईचं भंगार लिलावात निघालं तेव्हा तू नागपूरला जाऊन ते उचललंस, म्हैस विकून. दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चपटी चकती, पाठीवर बॅटरीची पिशवी आणि कानांवर झाकणं. तिकडे तू त्यानं जमिनीतले सुरुंग हुडकायचास. इथे तू ते घेऊन नदीत उतरलास आणि गावानं तुझं नाव बहिरा ठेवलं, कारण कान झाकलेले असले की तुला हाक मारून उपयोग नसायचा.

तू मला त्या परक्या समुद्राची गोष्ट किती वेळा सांगितलीस. वाळूतले सुरुंग काढताना तुम्हाला एक जुनं जहाज लागलं होतं, कधीकाळी फुटून वाळूत रुतलेलं, नुसत्या फासळ्या राहिलेलं. एरवी तिथे काही सापडायचं नाही. पण वादळ झालं की दुसऱ्या दिवशी समुद्रानं वरची वाळू खरवडून नेलेली असायची, खाली गोटे उघडे पडायचे, आणि त्या गोट्यांच्या आणि काळ्या रेतीच्या पट्ट्यात राजाचा मुखडा असलेली चांदीची नाणी मिळायची. तुमच्या पलटणीतल्या एकानं नाण्यापायी घाई केली, दांडा न फिरवता हातानं उकरायला गेला आणि खाली सुरुंग होता. त्याचा फक्त बूट मिळाला, असं तू सांगायचास, आणि सांगताना भात कालवत असायचास. मला तो घास उतरायचा नाही.

त्या समुद्रानं तुला जे शिकवलं ते तू आपल्या नदीला लावलंस. जड वस्तू जडाजवळ जाते, म्हणायचास. पेटी असेल तर मऊ वाळूत नसेल, गोट्यांच्या थरात असेल. समुद्र रोज उलथापालथ करतो, आपली नदी वर्षातून एकदाच करते, तेव्हा दर पुरानंतर पाहायचं की कुठली वाळू गेली आणि कुठली नवी बसली. पाणी ओसरल्यावर वाळू ओली असताना यंत्र भलतंच ओरडतं, काळ्या रेतीवर तर उगाच घुमत राहतं, म्हणून थांबायचं. उन्हानं वाळू तापली की पाय भाजतात, म्हणून त्याआधी उरकायचं. मधला जेमतेम हिवाळा तुझा. आणि शोधायचं कुठे, तर खडकाच्या वर. सगळं गाव इतकी वर्षं खाली डोहात बुड्या मारत होतं.

मी एकदा विचारलं, वरच कशाला? तू वाळूत बोटानं नदी काढलीस, मध्ये खडक काढलास. पेटी खाली सापडली तर गाव म्हणेल, नाव पालथी झाल्यावर ढिवरानंच ती डोहात दडवली, आणि बाबा खोटे. वर सापडली तर नाव उलटण्याआधीच कोणीतरी ती फेकली आणि बाबा खरे. लोखंडी पेटी प्रवाहाविरुद्ध पोहत वर जात नाही. तुझं सगळं आयुष्य त्या बोटभर रेघेवर उभं होतं. तुला सोन्याची पडली नव्हती, हे मला ठाऊक आहे. गावाला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि तिथेच आपलं भांडण झालं. मी म्हटलं, भाऊ, पुरे कर. कोणी मुलगी दिली नाही तुला, केस पिकले, घरात दोन ताटं आहेत. बाबा चोर असते तरी माझे बाबाच होते, मला नदीचा दाखला नको. तू उठलास आणि मला थोबाडीत मारलीस. माझं कानातलं तुटून चुलीत पडलं. तू ओरडलास, "तुले बाबावर भरोसा नाई, म्हून तुले दाखला नको." मी तुला पळीनं मारलं. आपण दोघं वेडे झालो होतो. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, तशी मी तिलाही शिवी हासडली.

मला भरवसा होता, भाऊ. पण माझं म्हणणं त्याच्यापुढचं होतं, आणि मी अजून तेच म्हणते. ज्या गावानं मनगटं मोडली त्या गावाकडून निर्दोष असल्याची पावती का मागायची? तू म्हणायचास, मागायची, कारण मनगटं मोडणारे अजून त्याच घाटावरून ऐटीत जातात. मालगुजारी सरकारनं काढून घेतली, पण काठ्या त्यांच्याकडेच राहिल्या. यावर मी भांडी आदळली. आता वाटतं, तुझंही खरं होतं आणि माझंही. दोघांचं खरं एका घरात मावत नव्हतं एवढंच.

यंदाच्या पुरानं खडकाच्या वरची सगळी वाळू उचलून नेली. तू धावत घरी आलास तो बालवर्गातल्या पोरासारखा. गोटे उघडे पडलेत, म्हणालास. मग हिवाळा लागला आणि एका सकाळी तू मला हात धरून नदीत नेलंस, झाकणं माझ्या कानांवर ठेवलीस. घूंघूं चालली होती, आणि चकती एका जागी आली तशी ती घूं चिरकत वर चढली. तू पोटावर झोपून, लोखंडी सळई तिरकी खुपसत, बोटांनी वाळू बाजूला करू लागलास. माणसांना गुरासारखं झोडणारा तू, त्या वाळूला इतक्या हळू हात लावत होतास की मला तुझी ओळखच पटेना. एक गंजलेला कोपरा दिसला. मग कडी. मग कुलूप, बंद.

मी म्हटलं, काढ. तू म्हणालास, नाही. पाच माणसं पाहतील तेव्हाच काढीन, नाहीतर म्हणतील ढिवरानंच आणून पुरली. तू पुन्हा वाळू लोटलीस, चार कोपऱ्यांना बांबू रोवलेस आणि गावात जाऊन पंचांना बाजाराच्या दिवशी यायचं सांगितलंस. तेवढ्यावर तुझं समाधान झालं नाही. एक पेटी कोणीही पुरू शकतो, ओळ कोण पुरेल, असं म्हणून तू त्याच रेषेत बाकीच्या वस्तू हुडकायला लागलास. नावेतून लोकांनी त्या वेळी टाकलेल्या. मालगुजाराच्या घरचं नाव कोरलेला पितळी गुंड तुला मिळाला. लोखंडी कढई मिळाली. तुझी ही सुरुंगवाल्याची सावधगिरी, एकेक पाऊल तपासून टाकायची. तिनं तुला तिकडे वाचवलं आणि इकडे बाजाराच्या दिवसापर्यंत थांबवलं. मला तिची किंमत आहे आणि मला तिचा संतापही येतो.

पंचांपैकी कोणीतरी मालगुजाराच्या वाड्यावर जाऊन सांगितलं. बाजाराच्या आदल्या दिवशी, ऐन दुपारी, त्याचा मुलगा, कौसल्येचा नवरा, ज्याला सगळे धाकटे मालक म्हणतात, तीन गडी घेऊन नदीत उतरला. मी तुझी भाकरी घेऊन काठावर पोचले होते.

पहिल्या काठीनं तू गुडघ्यावर आलास. झाकणं मानेत लोंबली. तू वळलास आणि चकतीचा दांडा फिरवून एकाच्या जबड्यात घातलास, हाड मोडल्याचा आवाज मला पाण्याच्या कडेला ऐकू आला. दुसऱ्याला तू खाली घेऊन त्याच्या छातीवर बसलास. मी धावत होते, वाळूत पाय रुतत होते, भाकरी कुठे पडली कळलं नाही. मी पोचून धाकट्या मालकाच्या दंडाला चावले, त्यानं मला झटकलं. तुझं डोकं त्यांनी त्याच गोट्यांवर आपटलं, जे तू वर्षानुवर्षं उघडे पडायची वाट पाहत होतास. पुन्हा आपटलं. मी ते मोजलं नाही. मग ते बांबूंकडे गेले आणि माझ्यासमोर, तू रक्तात पडलेला असताना, त्यांनी पेटी उपसून काढली. गुंड नेला, कढई नेली. यंत्र दगडानं ठेचलं.

दवाखान्यात तू मधूनच शुद्धीवर यायचास. शेवटच्या दुपारी डोळे उघडून तू विचारलंस, "पंच आले काय वं?" मी म्हटलं, "आले. सगळ्यांनी पाह्यलं. खडकाच्या वर निंघाली म्हणले." तुझा चेहरा कसा झाला ते मी कोणाला सांगणार नाही. तू माझं बोट धरलंस, जसं मी लहान असताना तुझं धरायचे. संध्याकाळी तू गेलास. पंच आले नव्हते, भाऊ. त्यातला एकही काठावर फिरकला नव्हता.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. धाकट्या मालकानं पेटी वाजतगाजत चावडीवर नेली. म्हणाला, खाली डोहातून काढली, डोमा ती चोरून नेत होता, झटापटीत पडून मेला. बाप चोर, पोरगा चोर. वाळूत आता नुसता खड्डा, आणि खड्डा काय बोलणार? लोकांनी माना हलवल्या. त्यानं कुलूप तोडलं. सोनं होतं तसं पिवळं होतं, चांदी काळी पडली होती. म्हातारा मालगुजार खाटेवर बसून पाहत होता. धाकट्याला हौस आली. त्यानं बायकोला बोलावलं, म्हणाला, तुझे डाग परत आले, घाल, गावाला दिसू दे.

कौसल्या आता तीन पोरांची आई आहे. ते तोडे पोरीच्या पायाचे. जाईनात. चारचौघांत हसू होईल म्हणून त्यानं तिचा पाय गुडघ्याखाली दाबून तोडा रेटायला सुरुवात केली. घोट्याची सालटं निघाली. ती आधी हुंदके देत होती, मग किंचाळली, आणि किंचाळता किंचाळता तिच्या तोंडून ते निघालं. चावडीवरच्या प्रत्येकानं ऐकलं आणि प्रत्येकानं मला येऊन वेगवेगळं सांगितलं, पण शब्द सगळ्यांचे हेच आहेत. "मामंजी, पेटी तुमीच फेकली. ढिवर ओरडला जड टाका, अन् तुमी मांडीवरची पेटी फेकली. माह्या डोयासमोर. मले म्हणले, बोलशीन तं डोहात टाकीन."

धाकट्यानं तोच तोडा तिच्या तोंडावर मारला. पुढचे दात गेले. म्हातारा खाली पाहत बसला. चावडीवर एवढी माणसं होती, एकानंही मध्ये हात घातला नाही. पण फौजदाराच्या कानावर जाण्याइतकं ते पसरलं. आता गडी आत आहेत, धाकटा जामिनावर बाहेर आहे, आणि सोमवारी वर्ध्याच्या कोर्टात तिची जबानी आहे. ती बोलली तर पेटी वरची ठरेल. नाही बोलली तर बाबा आणि तू, दोघेही कायमचे चोर.

ती त्या दिवशी चावडीवरून घरी गेली नाही. रक्ताळलेल्या पायांनी सरळ आपल्या दारात आली. माझं काय झालं माहीत आहे? मी तिला पाहिलं, फुटलेलं तोंड पाहिलं, आणि मी तिला मारलं. उजव्या गालावर, होता नव्हता तेवढा जोर लावून. इतकी वर्षं. बाबा मनगटांत पेला धरून पाणी पीत होते तेव्हा हिला माहीत होतं. मला नांदत्या घरातून हाकललं तेव्हा, तू उन्हातान्हात वाळू चाळत होतास तेव्हा, हिला माहीत होतं. ती पडली नाही, हातही उचलला नाही. तशीच उभी राहिली. मग मी तिला आत घेतलं, मिठाच्या पाण्यानं तोंड धुतलं, घोट्याला हळद बांधली. तुझ्या खाटेवर ती झोपते. तुला चालेल की नाही हे विचारायची सोय तू ठेवली नाहीस.

काल दुपारी धाकटा दोन माणसं घेऊन अंगणात आला. बायकोला हाक मारत होता, गोड आवाजात. मी कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. शिकवणारी बाई म्हणून मी आजवर पोरांना छडीसुद्धा लावली नाही, पण काल मी त्याच्या मानेकडे पाहिलं आणि नेमकी जागा ठरवली. त्यालाही ते कळलं असावं. तो गेला. सोमवारपर्यंत तो परत येईल, हे मला माहीत आहे, म्हणून शाळेला रजा टाकली आहे.

तो गेल्यावर कौसल्या माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पदर चघळत होती. म्हणाली, साहेब विचारतील, तुला पाण्यातून कोणी काढलं, तर मी काय सांगू? मी म्हटलं, जे झालं ते सांग. ती मान खाली घालून म्हणाली, "आमच्या घरी त्याइले कोणी नावानं बोलतच नव्हतं. चोट्टा ढिवर म्हणत. त्याइचं नाव काय होतं वं बाई?"

भाऊ, जिला बाबांनी वेणीला धरून ओढून काढलं, तिला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी कुऱ्हाड खाली ठेवली.

"महादू," मी म्हटलं.

तिनं म्हणून पाहिलं. तुटलेल्या दातांतून ते नीट उमटेना. तिनं जखम उघडून ओठांवर आलेलं रक्त पुसलं आणि पुन्हा म्हटलं.